खायचं कधी?

डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात आमच्या आईची जागा ठरलेली: चौथी रांग, कडेची खुर्ची. पुढे बसलं की मान अवघडते आणि मागे बसलं की चेहरे दिसत नाहीत, असं तिचं म्हणणं. दुसरा नियम, आत खायचं नाही. बटाटेवडा आणि चहा मध्यंतरात, बाहेर, उभ्यानं. नाटक चालू असताना शेजारी कुणी वेफर्सचं पाकीट फोडलंच तर आई मानही वळवत नाही, फक्त घसा खाकरते. तेवढ्यात पाकीट बंद होतं, मी पाहिलंय.

अशा बाईला २०१७ च्या मार्चमध्ये मी न्यूयॉर्कला थेट रंगमंचावर बसवलं.

नाटकाचं नाव लांबलचक, 'नताशा, पिएर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ १८१२'. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'मधली जेमतेम सत्तर पानं उचलून डेव्ह मलॉय यांनी त्याचं संगीत नाटक केलंय. संगीत नाटक म्हणजे अक्षरशः, जवळजवळ सगळंच गाऊन. इतकी रशियन नावं लक्षात कशी राहायची म्हणून कार्यक्रमपत्रिकेत वंशावळ छापलेली. आई खूश झाली. "आपल्याकडे पौराणिक नाटकांना द्यायला हवी होती," म्हणाली.

४५ व्या रस्त्यावरचं इम्पीरियल थिएटर १९२३ सालचं. पण आत शिरताना लागला तो राखाडी, बंकरसारखा बोळ. "काम चालू आहे वाटतं," आई कुजबुजली. बोळ संपला आणि एकदम लाल! भिंतीभर लाल मखमली पडदे, त्यांवर दाटीवाटीनं तसबिरी, वर ठिणग्या उडाल्यासारखी झुंबरं. रंगमंच कुठे संपतो आणि प्रेक्षागृह कुठे सुरू होतं, कळायलाच मार्ग नाही. खुर्च्यांमधून नटांना फिरायला वाटा काढलेल्या, वर बाल्कनीपर्यंत जिने चढवलेले. ही सगळी करामत मिमी लिएन यांची. पुढे जूनमध्ये नेपथ्याचं टोनी, म्हणजे अमेरिकी रंगभूमीचं मानाचं पारितोषिक, त्यांनाच मिळालं.

आमच्या जागा रंगमंचावर, म्हणजे एका छोट्या टेबलाशी. समोर हजारभर माणसं आमच्याकडे तोंड करून बसलेली. आईनं आधी पदर नीट केला, मग मला विचारलं, "अगं, हे सगळे आपल्यालाच बघणार का?" तिकीट केवढ्याचं होतं ते मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

नाटक सुरू व्हायच्या आधीच नटमंडळी प्रेक्षकांत फिरायला लागली. एक मुलगी आमच्या टेबलाशी आली आणि आईच्या हातात पुठ्ठ्याची एक छोटी डबी ठेवून गेली. आत पिरोगी. पारी मैद्याची, आत सारण, आकार करंजीचा, पण तळण्याऐवजी उकडलेली. "यात मांस नाही ना?" बटाट्याचं सारण आहे, हे मी विचारून घेतलं. मी माझी डबी तिथल्या तिथे संपवली. आईनं मात्र तिची उघडून पाहिली, वास घेतला आणि बंद केली.

"खा ना, गरम आहे."

"आत्ता? नाटक सुरू होईल."

"इथे चालतं."

"चालतं म्हणून काय झालं?"

ही खाण्याची भानगड इम्पीरियलमध्ये सुरू झालेली नाही. मलॉय मॉस्कोला गेले असताना एका कॅफेत अनोळखी लोकांच्या गर्दीत दाटीवाटीनं बसले, समोर खाणं आणि व्होडका, वादक माणसांमध्येच विखुरलेले. नाटकाची कल्पना तिथली. २०१२ मध्ये पहिले प्रयोग झाले ते 'आर्स नोव्हा' नावाच्या ८७ आसनांच्या जागेत. पुढच्या वर्षी खास तंबू उभारला, 'काझिनो' नावाचा, तिथे तर प्रेक्षकांना रशियन जेवणच वाढत. ब्रॉडवेवर, म्हणजे इम्पीरियलसारख्या न्यूयॉर्कच्या बड्या नाट्यगृहांत, पोचेपर्यंत जेवणाची ही डबी उरली. मला वाटतं, भूक भागवणं हा तिचा हेतूच नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या बाई आमच्याशी बोलल्या त्या डबीमुळेच: "तुम्ही खाल्लं का? कसं आहे?" डोंबिवलीत वड्याच्या रांगेत होतात त्याच गप्पा, फक्त घंटेच्या आधी.

रंगमंचावरून नाटक पूर्ण दिसतं असं मात्र समजू नका. अर्धा वेळ नटांच्या पाठी दिसतात. गायक जॉश ग्रोबन पिएर झाला होता. तो मधल्या खड्ड्यात वादकांच्या घोळक्यात बसलेला, ते आम्हाला छान दिसलं, पण नताशा समोरच्या जिन्यावर गेली की ते काम करणाऱ्या डेने बेंटनचा फक्त आवाज. मान चारही दिशांना फिरवावी लागते. आईच्या चौथ्या रांगेच्या सिद्धांतात तथ्य आहे, हे मी तिथे कबूल केलं, मनातल्या मनात. पण एकदा एक नट गाता गाता आमच्या शेजारी टेकला, त्याच्या कपाळावरचा घाम दिसला, दम खाताना वर-खाली होणारी छाती दिसली. ते चौथ्या रांगेतून नाही दिसत.

उत्तरार्धात त्रोइका, म्हणजे तीन घोड्यांची गाडी, हाकणारा बलागा येतो आणि धुमाकूळ सुरू होतो. प्रेक्षकांच्या हातात अंड्याच्या आकाराचे खुळखुळे आले. आईला एक मिळाला. ती भजनी मंडळात टाळ वाजवते. दोन ओळी तिनं नुसत्या ऐकल्या, मग ठेका धरला तो शेवटपर्यंत सुटला नाही. शेजारच्या बाई स्वतःचं सोडून तिच्याकडे बघून वाजवायला लागल्या.

शेवटी तो नाटकाच्या नावातला धूमकेतू. सगळं शांत, पिएर एकटा, वर प्रकाश. आईनं डोळे पुसले की चष्मा, सांगता येत नाही.

पोर्ट ऑथॉरिटीवरून जर्सी सिटीची बस पकडली. लिंकन बोगद्यात बस अडकली तेव्हा आईनं पर्स उघडली. डबी! मी विसरूनच गेले होते. थंडगार झालेली पिरोगी तिनं नीट दोन तुकडे करून खाल्ली, मग बोटं रुमालाला पुसली.

"गाणं छान होतं गं," म्हणाली. "ह्यात मीठ कमी आहे."