सिडनीतली राणीची इमारत

सिडनीला कुणी पाहुणे आले की ऑपेरा हाउसच्या पाठोपाठ आमची वरात क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंगमध्ये जाते. इथे तिला सगळे नुसतं ‘क्यूव्हीबी’ म्हणतात. टाउन हॉल स्टेशनातून भुयारी वाटेने थेट आत शिरता येतं. वर आलं की मान आपोआप वर जाते: एकावर एक गॅलऱ्या, रंगीत काचा, पायाखाली नक्षीच्या टाइल्स, डोक्यावर काचेचं छप्पर. इमारत जवळजवळ १९० मीटर लांब. भावही तसेच लांबलचक, त्यामुळे आमची खरेदी बहुतेक वेळा कॉफीवरच आटोपते.

जॉर्ज मॅक्रे यांनी आराखडा केलेली ही इमारत १८९८ साली बाजार म्हणून उघडली. तेव्हा मंदी होती, गवंडी-पाथरवटांच्या हाताला काम मिळावं हाही हेतू होता. पण बाजार काही जमेना. मग १९३०च्या दशकात महापालिकेने आत तोडफोड करून कचेऱ्या थाटल्या; इथे वाचनालयही होतं. १९५९मध्ये तर ती पाडून टाकायचाच प्रस्ताव निघाला! शेवटी इपो गार्डन या मलेशियातल्या कंपनीने ९९ वर्षांच्या भाडेकराराने ती घेतली, पदरचा पैसा घालून दुरुस्त केली आणि १९८६मध्ये दुकानांसकट उघडली. आतलं पुष्कळसं तेव्हा नव्याने घडवलेलं आहे, म्हणून काही जाणकार नाकं मुरडतात. मला विचाराल तर मुरडू देत. दुकानं नसती तर आज तिथे काय असतं कुणास ठाऊक.

बाहेर बसलेली व्हिक्टोरिया राणी, म्हणजे तिचा पुतळा, मात्र मूळची इथली नाहीच. ती डब्लिनच्या संसदेसमोर होती. स्वतंत्र आयर्लंडला नकोशी झाली, १९४८मध्ये हलवली, आणि कित्येक वर्षं धूळ खाऊन १९८७मध्ये इथे प्रतिष्ठापना झाली. आपला काळा घोडा १९६५मध्ये राणीच्या बागेत गेला, ही बाई थेट समुद्रापार. जवळच तिच्या लाडक्या ‘आयला’ नावाच्या कुत्र्याचा पुतळा आहे. तो चक्क बोलतो आणि मूकबधिर आणि अंध मुलांसाठी नाणी मागतो.

पोरांना मात्र या सगळ्यापेक्षा वरच्या मजल्यावरचं रॉयल क्लॉक आवडतं. तास भरला की तुताऱ्या वाजतात, छोट्या खिडक्यांतून इंग्लंडच्या इतिहासाचे देखावे सरकतात आणि शेवटी पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद होतो. गर्दी मोबाइल उंचावून उभी. कुऱ्हाड पडली की कुणीतरी पोरगं हमखास ओरडतं, “परत!” परत म्हणजे पुढच्या तासाला. तोवर आईबापांना दुकानांत फिरवायची सोय होतेच.