डिस्प्ले येतो म्हणजे ग्राफिक्स चालतं असं नाही

बंद पडलेला पीसी आला की गिऱ्हाइकाला काही पटवून द्यावं लागत नाही. हा पीसी मात्र चालू होता. कागलहून आलेल्या स्टुडिओवाल्या काकांनी तो टेबलावर ठेवला, मी वायरी जोडल्या आणि थोड्याच वेळात मॅकओएस व्हेंचुराचा डेस्कटॉप समोर आला. म्हणजे हे हॅकिंटॉश: साध्या पीसीवर बसवलेली ॲपलच्या मॅकची सिस्टिम. नेट चालत होतं, आवाज येत होता, फाइली झपाझप कॉपी होत होत्या. तक्रार एवढीच की फायनल कट प्रो हे ॲपलचं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं आणि बाकी सगळं 'जड' वाटत होतं. लग्नसराई ऐन भरात होती आणि फुटेज साचत चाललं होतं.

मशीन दुसऱ्या कुणीतरी बसवून दिलं होतं, पैसेही घेऊन झाले होते. इंटेलचा आय-७ ८७०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी, आणि एडिटिंगसाठी म्हणून मुद्दाम घेतलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स १६६० ग्राफिक्स कार्ड. जाताना त्या माणसाने बेंचमार्कचा आकडा दाखवला होता, तो काकांनी फोनमध्ये जपून ठेवला होता. आकडा खरा होता, पण तो प्रोसेसरचा होता. ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं असतं तरी तेवढाच आला असता.

अशा मशीनवर मी आधी 'अबाउट धिस मॅक' उघडतो. तिथे ग्राफिक्ससमोर कार्डाचं नाव नव्हतंच. नुसतं 'डिस्प्ले ७ एमबी'. कार्डावर मेमरी सहा जीबी आणि सिस्टिमला दिसते सात एमबी! मग खिडकी धरून ओढून पाहिली तर ती फाटत फाटत मागून येत होती. खालचा डॉक पारदर्शक असायला हवा, तो सपाट राखाडी होता. नकाशे उघडले तर कोरी चौकट. ॲक्टिव्हिटी मॉनिटर लावून खिडकी परत हलवली आणि विंडोसर्व्हर ही प्रोसेस सीपीयू खात यादीत सगळ्यात वर गेली. काहीच काम नसताना नुसती खिडकी हलवायला सहा कोरांचा प्रोसेसर राबत होता.

काका म्हणाले, "दादा, डिस्प्ले येतोय की! मग कार्ड चालत नाही म्हणताय ते कसं?"

प्रश्न रास्त आहे आणि मला तो नेहमी विचारला जातो. पीसी सुरू होताना मदरबोर्डचं फर्मवेअर पडद्यासाठी एक साधा फ्रेमबफर, म्हणजे चित्र ठेवायची मेमरीतली जागा, उघडून देतं. ड्रायव्हर सापडला नाही तरी मॅकओएस त्यावर चित्र काढत राहतं, पण प्रत्येक पिक्सेलचा हिशेब सीपीयूने करायचा. चित्र पडद्यावर पोचवण्यापलीकडे कार्डाला काही काम उरत नाही. ॲपलने खिडक्या एकमेकींवर रचण्याचं काम २००२च्या जॅग्वारपासून ग्राफिक्स कार्डाकडे न्यायला सुरुवात केली, आणि २०१८च्या मोहावेपासून तर मेटल ही ॲपलची ग्राफिक्स प्रणाली चालवणारं ग्राफिक्स ही अटच झाली. म्हणून मॅकमध्ये ॲक्सलरेशन, म्हणजे चित्राचं काम ग्राफिक्स चिपने करणं, ही गेम खेळणाऱ्यांची चैन नाही. नुसता कोड कंपाइल करायचा असेल, फाइल सर्व्हर चालवायचा असेल तर त्यावाचून अडत नाही. पण माणूस पडद्यासमोर बसून काम करणार असेल तर पदोपदी अडतं, आणि फायनल कट तर त्याशिवाय दारातच थांबतं.

जीटीएक्स १६६०चं म्हणाल तर त्याचा मॅकसाठी ड्रायव्हर कधी निघालाच नाही. एनव्हिडियाचे वेब ड्रायव्हर हाय सिएरापर्यंतच आले. जुन्या केप्लर पिढीची कार्डं ॲपलच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर बिग सरपर्यंत चालली, २०२१च्या माँटेरेत तीही गेली. हे कार्ड बाजारात आलं २०१९ला. ओपनकोअरमध्ये, म्हणजे पीसीवर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, कितीही खटपट केली तरी जो ड्रायव्हर लिहिलाच गेला नाही तो आणायचा कुठून? 'सगळी कार्डं चालतात' म्हणून व्हिडिओ टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण खिशातले पैसे गिऱ्हाइकाचे जातात.

मी काकांना दुसरं कार्ड घ्यायला सांगणारच होतो, तेवढ्यात बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरचं सेटिंग, उघडलं. ८७००च्या पोटात इंटेलचं यूएचडी ६३० ग्राफिक्स असतं. ते बंद करून ठेवलेलं होतं! २०१८च्या मॅक मिनीत वरच्या मॉडेलला ८७००बी हा जवळपास हाच प्रोसेसर आणि हेच ६३० आहे. म्हणजे ॲपलने ज्याचा ड्रायव्हर स्वतः लिहिलाय ते ग्राफिक्स याच पेटीत पडून होतं, आणि मॉनिटरची वायर शेजारच्या मुक्या कार्डात खोचलेली.

मग काम सुरू केलं. बायोसमध्ये अंतर्गत ग्राफिक्स चालू, त्याला ६४ एमबी राखीव. ओपनकोअरच्या कॉन्फिगमध्ये मशीनची ओळख 'आयमॅक प्रो' दिली होती, ती बदलून मॅक मिनी ८,१ केली. ६३०साठी मॅकच्या ड्रायव्हरला लागणारा प्लॅटफॉर्म आयडी ०७००९बी३ई घातला, व्हॉटएव्हरग्रीन या ग्राफिक्स जुळवणाऱ्या जोडप्रोग्रामला जीटीएक्सकडे मॅकमध्ये बघूच नकोस असं सांगितलं, आणि वायर मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली.

सफरचंद आलं, खालची पट्टी निम्मी भरली आणि पडदा काळा.

इथे बरेच जण घाबरून सगळं पुसून परत इन्स्टॉल करतात. मी कॅप्स लॉक दाबून पाहिलं, दिवा लागत होता. मशीन जिवंत होतं. पट्टी निम्म्यावर गेल्यानंतर पडदा जातो तेव्हा बहुधा ती चांगली खूण असते: फर्मवेअरचा फ्रेमबफर सोडून खऱ्या ड्रायव्हरने ताबा घेतलाय, फक्त तो चित्र भलत्याच दारावर पाठवतोय. डिस्प्लेपोर्टची केबल लावली आणि लॉगिनचा पडदा लख्ख समोर. एचडीएमआय पोर्ट मदरबोर्डवर ज्या सिग्नल-वाहिनीला (बस) जोडलेलं होतं तिचा क्रमांक ॲपलच्या कोष्टकातल्या क्रमांकाशी जुळत नव्हता. क्रमांक पालटत, रीस्टार्ट करत तो जुळवला आणि पोर्टचा प्रकारही एचडीएमआय म्हणून नोंदवला. हे काम कुणाला दिसत नाही, पण मला यातच सगळ्यात जास्त समाधान मिळतं.

'इंटेल यूएचडी ग्राफिक्स ६३०, १५३६ एमबी.' डॉक पारदर्शक झाला, खिडकी बोटाबरोबर सरकायला लागली. फायनल कट उघडलं. काकांनी हळदीचं फोर-के फुटेज टाइमलाइनवर टाकलं आणि ते न अडखळता चाललं, कारण कॅमेऱ्याचा एचईव्हीसी प्रकारात दाबलेला व्हिडिओ उलगडायला इंटेल ग्राफिक्समधलं क्विक सिंक आता मदतीला होतं. नॉइज रिडक्शन लावल्यावर मात्र रेंडर रेंगाळला. ६३० हे शेवटी छोटं ग्राफिक्स आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण ज्या कार्डाशी सिस्टिम बोलूच शकत नाही, त्याच्यापेक्षा ते कितीतरी पटीने मोठं ठरलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तो आधीचा माणूस घोळतोय. आयमॅक प्रोची ओळख आणि अंतर्गत ग्राफिक्स बंद, ही जोडी चुकून पडलेली नव्हती. खऱ्या आयमॅक प्रोमध्ये अंतर्गत ग्राफिक्सच नसतं, सगळा भार एएमडीच्या रेडिऑन कार्डावर असतो. पीसीत आरएक्स ५८० हे रेडिऑन कार्ड असेल तर ही मांडणी चांगलीच चालते. म्हणजे त्याने एक चांगली गाइड ओळीनओळ पाळली होती, फक्त ती रेडिऑनवाल्यांची होती. मेहनत होती, वाचन होतं. पण सात एमबी ही ओळ समोर दिसत असताना त्याने ती वाचली नाही की वाचून गप्प बसला, हे मला कळत नाही. पहिलं असेल तर तो शिकेल. दुसरं असेल तर त्याने हे काम करू नये.

काकांना मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. ॲपलचा परवाना मॅकओएस फक्त ॲपलच्या मशीनवर चालवायला देतो. सायस्टार नावाची अमेरिकन कंपनी असे पीसी विकत होती, तिच्याविरुद्ध २००९मध्ये ॲपलच्या बाजूने निकाल लागला. म्हणून मी असं मशीन विकत नाही, आणि ज्याचा धंदा यावर उभा आहे त्याने यावर विसंबू नये. दुसरं म्हणजे इंटेलवर चालणारं शेवटचं मॅकओएस टाहो, त्यानंतर हा रस्ता संपतो.

"मग कार्डाचे पैसे पाण्यात?"

नाही. कार्ड फक्त मॅकमध्ये बंद केलंय. दुसऱ्या एसएसडीवर विंडोज टाकून दिलं, तिथे ते पूर्ण ताकदीने चालतं. त्यांचा मुलगा आता रेंडरसाठी जुनं आरएक्स ५८० शोधतोय. मी नको म्हटलंय: क्रिप्टो मायनिंगमधून आलेल्या कार्डांचं बायोस बऱ्याचदा बदललेलं असतं, आणि त्याच नावाचं पण उतरत्या ताकदीचं २०४८एसपी छापाचं निघालं तर मॅक ते आपणहून ओळखतही नाही. तेच पैसे मॅक मिनीसाठी बाजूला ठेवा, एम४वाला २०२४ला ५९,९०० रुपयांपासून निघाला होता. काका म्हणाले, सीझन संपू दे, मग बघू.