तुम्ही विचारलंत म्हणून: वीस फुटी कंटेनरात किती बॉक्स बसतात?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणारा बहुधा निर्यातीत नवा असतो, बेदाण्याच्या नाहीतर मसाल्याच्या. उत्तर त्याने आधीच काढलेलं असतं, मी फक्त मान डोलवायची. परवा भाच्याचा फोन आला. "मामा, बॉक्स 40 बाय 30 बाय 25 सेंटीमीटर. वीस फुटी कंटेनर 33.2 घनमीटर. भागलं की 1106. बरोबर ना?"

भागाकार बरोबर आहे. पण कंटेनरात पाणी ओतायचं नाहीये, खोकी रचायची आहेत.

वीस फुटी आतून साधारण 5.90 मीटर लांब, 2.35 रुंद, 2.39 उंच. लूज स्टफिंग करायचं, म्हणजे हमालांनी नुसते बॉक्स रचायचे, तर रुंदीत पाच बॉक्स आडवे (40ची बाजू रुंदीला) आणि एक उभा (30ची बाजू रुंदीला): 2.30 मीटर. आडव्यांच्या प्रत्येक रांगेत दारापर्यंत 19 बसतात, उभ्याच्या रांगेत 14. थराला 109, थर नऊ. झाले 981. सव्वाशे बॉक्स फटींनी खाल्ले.

गिऱ्हाईक माल पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने उचलायच्या लाकडी फळीवर, मागत असेल तर हिशेब आणखी उतरतो. 120 बाय 100च्या पॅलेटवर हा बॉक्स थराला दहा बसतो: चारांची एक रांग, तीन-तीनच्या दोन, आणि कुठेही बोटभर फट नाही. (ही मांडणी पाहून मला आजही बरं वाटतं. बायको म्हणते, याला काहीही पुरतं.) कंटेनरच्या दाराची उंची मात्र 2.28 मीटरच. पॅलेटचं लाकूड 15 सेंटीमीटर, वर आठ थर, म्हणजे 2.15. नववा थर दारातच अडतो. पॅलेटला 80 झाले.

आता खरी गंमत. दोन पॅलेट लांब बाजूने शेजारी ठेवायचे तर 2.40 मीटर लागतात आणि आत आहेत 2.35. पाच सेंटीमीटरने घात! कंटेनर फुटांत जन्मला, बाहेरून आठ फूट रुंद. हा पॅलेट मीटरच्या मापातला. दोघांची पत्रिका कुणी जुळवलीच नाही. म्हणून एक पॅलेट आडवा, एक उभा. सरळ दोन ओळी लावल्या तर नऊच बसतात. चार पॅलेट भिंगरीसारखे फिरवून लावले, मधे वीतभर चौकोनी भोक सोडलं, की 2.20चा चौरस होतो. असे दोन चौरस आणि दाराशी दोन पॅलेट: दहा. बॉक्स 800.

"म्हणजे 181 बॉक्सचं नुकसान?" भाचा म्हणाला. असं नसतं रे. लूज माल भरायला आणि तिकडे उतरवायला माणसं आणि तास लागतात, फोर्कलिफ्ट पॅलेट पटापट उचलते. उलट पॅलेटचं लाकूड 56 अंशांवर अर्धा तास तापवून शिक्का मारलेलं लागतं, त्याचा खर्च वेगळा. निर्णय गिऱ्हाइकाचा. मी फक्त दोन्ही आकडे समोर ठेवतो.

पण माझा पहिला प्रश्न वेगळाच असतो: माप रिकाम्या बॉक्सचं की भरलेल्या? हे मी पैसे मोजून शिकलो. पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला याच मापावर 981 सांगून मोकळा झालो. बॉक्स भरल्यावर पोटाशी फुगले, बाजूला एकेक सेंटीमीटर. पाच आडवे झाले 2.05, उरले 30 सेंटीमीटर आणि उभ्याला हवे 31. सहावी रांग पहिल्या थरापासूनच बसेना. 14 गुणिले 9, म्हणजे 126 बॉक्स गोदामाच्या ओट्यावर राहिले, आणि कागदपत्रांवर मात्र 981. चार आडवे आणि दोन उभे लावले असते तर थराला 104 बसले असते, हे मला घरी जेवताना सुचलं. तोवर कंटेनरला सील लागून तो न्हावा-शेवाच्या वाटेला लागला होता. बिलं पुन्हा करताना झालेली बोलणी इथे लिहिण्यासारखी नाहीत.

भाच्याने दुसऱ्या दिवशी भरलेला बॉक्स मोजून पाठवला: 40.5, 30.5, 25.5. पाच आडवे, एक उभा: 2.33. दोन सेंटीमीटर शिल्लक. बसेल, पण हमाल चांगला हवा. मग मीच त्याला फोन लावला, कारण एका बॉक्सचं वजन किती, हे त्याने अजून सांगितलेलंच नव्हतं.