जुन्या पिकअपसाठी चार डिस्क

आमच्याकडे 2003 सालची शेवरोले सिल्व्हेराडो आहे. इथे कॅनडात हिला ट्रकच म्हणतात, पण डोळ्यांसमोर दहा चाकी टाटा आणू नका. पुढे माणसं बसायची केबिन, मागे उघडा हौदा, एवढीच गाडी. ओंटारिओतल्या लंडनमध्ये राहायला आलो त्या वर्षी ती जुनीच घेतली. बागेची माती, शेकोटीची लाकडं, मैत्रिणींचं घरसामान, सगळं तिनेच वाहिलंय. माझा तिच्यावर जीव आहे.

गेल्या हिवाळ्यात तिचं पुढचं डावं चाक हवा सोडायला लागलं. सोमवारी 35 पाउंड भरली की रविवारी 22. चाक पाण्यात बुडवून पाहिलं, पंक्चर कुठेच नाही. बुडबुडे येत होते ते टायर आणि रिमच्या सांध्यातून. हे काम मिठाचं. आमच्यापासून तासा-सव्वातासावर गॉडरिच नावाचं गाव आहे. तिथे ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली, सुमारे 550 मीटर खोल, जगातली सगळ्यात मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून इथल्या रस्त्यांवर मीठ पसरतात आणि ते खारं पाणी गाडीच्या सांध्यासांध्यात शिरतं. माझ्या रिम अल्युमिनियमच्या. टायरची कड जिथे टेकते तिथे पांढरा भुगा धरला होता आणि धातूला खड्डे पडले होते. एका दुकानात घासून, वर सीलर लावून घेतलं, ते महिनाभर टिकलं. मग मागचं उजवं चाकही तेच करायला लागलं, तेव्हा ठरवलं की चारही रिम बदलायच्या आणि साध्या लोखंडी घ्यायच्या. लोखंड गंजतं, पण गंज समोर दिसतो, खरवडून रंग मारता येतो.

एका भंगारवाल्याकडे चार 16 इंची रिम मिळाल्या, टोयोटा टॅकोमाच्या, लोखंडी नव्हे तर अलाय, म्हणजे अल्युमिनियमच्याच. बोल्टची भोकं सहा, एकासमोरच्या दोन भोकांमधलं अंतर 139.7 मिलिमीटर, सिल्व्हेराडोइतकंच. भाव चांगला होता. पैसे देण्याआधी कऱ्हाडला अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. अप्पांनी आयुष्यभर पुणे–बेंगळुरू रस्त्यावर टेम्पो चालवला. रिमला ते डिस्क म्हणतात, आणि त्यांच्याशी बोलताना मीही.

"कडेची भोकं जुळली ते कळलं बाळ. मधलं भोक मोजलंस का?"

"नाही अप्पा."

"मग आधी ते मोज. चाक मधोमध बसतं ते त्याच्यामुळे."

मोजलं. टोयोटाचं मधलं भोक 106 मिलिमीटर, माझ्या गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, 78. एक इंचाहून जास्त फरक. रिम बोल्टवर गेली असती, पण हबवर बसली नसती, नुसती लोंबकळली असती. शिवाय टोयोटाच्या अलाय रिमला सपाट वॉशरचे नट लागतात. माझे नट निमुळते, त्यांना रिममध्ये तशीच निमुळती बैठक हवी. सपाट बैठकीत निमुळता नट नुसता कडेवर टेकतो, पकड घेत नाही. जुन्या गाडीसाठी रिम शोधणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगायचंय: टेप लावून सहा भोकं मोजली की काम झालं असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. मधलं भोक, नटांची बैठक आणि रिमची आतल्या बाजूची खोली या तिन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. खोली चुकली तर टायर आत घासतो नाहीतर बाहेर डोकावतो.

पंधरा दिवसांनी एका शेतकऱ्याकडे हव्या तशा मिळाल्या. त्याच पिढीच्या सिल्व्हेराडोच्या लोखंडी रिम, एकीचे 40 डॉलर. कोठारात वर्षानुवर्षं पडून होत्या, गंज फक्त वरवरचा. दोन संध्याकाळी वायर ब्रशने घासल्या आणि काळा रंग दिला. हबला टेकतो तो भाग आणि नटांच्या बैठकी मात्र कोऱ्या ठेवल्या. तिथे रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि नट सैल पडतात. मग एका टायरवाल्याकडून वापरलेले 245/75 आर 16 टायर त्यांच्यावर चढवून घेतले.

खरी मेहनत जुन्या रिम काढताना झाली. नट सुटले, पण रिम जागची हलेना. लोखंडी हब आणि अल्युमिनियमची रिम खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं एकत्र राहिल्या की एकमेकींना चिकटतात. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड दिले (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली कधीही हात घालू नका) आणि नट दोन आटे धरतील इतके सैल ठेवले, म्हणजे रिम सुटलीच तर अंगावर येणार नाही. मग टायरच्या आतल्या बाजूला लाकडी ठोकळा धरून घण मारायचा, चाक थोडं फिरवायचं, पुन्हा मारायचा. बाविसाव्या-तेविसाव्या घावाला कोरडा 'टक्' आवाज आला आणि हबच्या कडेने तांबूस भुगा माझ्या बुटांवर सांडला. तो आवाज ऐकून इतका आनंद झाला की मी तिथेच ओल्या जमिनीवर बसले.

हबची समोरची बाजू पॉलिश पेपरने चकचकीत केली. बोल्टच्या आट्यांना तेल लावलं नाही, कारण तेलाने नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. नट हाताने लावले, मग समोरासमोरच्या जोडीने टॉर्क पान्ह्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याने, 140 फूट-पाउंडांवर, म्हणजे 190 न्यूटन-मीटरवर आवळले. इथे लोक हे फार गांभीर्याने घेतात. नव्वदच्या दशकात ओंटारिओच्या महामार्गांवर मोठ्या ट्रकची चाकं निखळून माणसं मेली. मग 1997 साली कायदा झाला: व्यावसायिक वाहनाचं चाक निखळलं तर 2,000 ते 50,000 डॉलर दंड, आणि काळजी घेतली होती हा बचाव चालत नाही. माझी गाडी घरगुती, पण शंभर किलोमीटर चालवून मी पुन्हा पान्हा लावला. चोवीसपैकी तीन नट किंचित फिरले.

तीन आठवडे झाले. चारही चाकांत 34-35. जो एखादा आकडा उतरतो तो थंडीचा, तापमान पाच-सहा अंशांनी घसरलं की साधारण एक पाउंड जातो.

अप्पांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "झकास. आणि स्टेपनी?"

स्टेपनी हौद्याखाली तारेवर टांगलेली असते आणि ती खाली उतरवायची चरखीही याच मिठाने जाम होते. शनिवारी तेलाचा डबा घेऊन गाडीखाली शिरणार आहे.