फुप्फुसाची इजा आणि रक्ताचा ओघ

ठाण्यातल्या आमच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरच्या पडद्यावरील हवेच्या दाबाकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. रक्ताच्या ओघाकडे मात्र, माझ्या मते, तितके लक्ष जात नाही. विश्रांतीच्या वेळीही हृदयातून मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फुप्फुसांत जाते, आणि इजेमुळे वायुकोशांचा, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्यांचा, मोठा भाग मिटला की उरलेल्या केशवाहिन्यांवर त्या ओघाचा ताण वाढून त्यांच्या नाजूक भिंतींतून द्रव, प्रसंगी रक्तही, वायुकोशांत झिरपते. सशांच्या शरीराबाहेर काढलेल्या फुप्फुसांवर जोरकस कृत्रिम श्वसन देऊन केलेल्या प्रयोगांत रक्तप्रवाह वाढवल्यावर सूज आणि रक्तस्राव दोन्ही वाढलेले आढळले. शिरेतून दिलेल्या सलाइननेही हा ओघ वाढू शकतो; म्हणूनच रक्तदाब सावरल्यानंतरही केवळ सवयीने ते चालू ठेवणे मला खटकते. नातेवाइकांना मात्र बाटली लटकलेली दिसली की बरे वाटते.