पूर्वजांच्या अंगावरचं कापड

जूनच्या पावसात इबादानच्या रस्त्यांवर पूर्वज चालताना दिसतात. नैऋत्य नायजेरियातलं योरूबा लोकांचं हे शहर १८२९ च्या सुमारास लष्करी छावणी म्हणून वसलं. मापोच्या टेकडीवरून पाहिलं तर नजर पोचेल तिथवर गंजलेल्या पत्र्यांची छपरं दिसतात. त्या छपरांखालच्या जुन्या वाड्यांतून एगुंगुन बाहेर पडतात, आणि त्यांच्यासाठीच मी इथवर आले होते.

एगुंगुन म्हणजे परलोकातून वंशजांच्या भेटीला आलेला पूर्वज. डोक्यापासून पायापर्यंत कापडात झाकलेला, तोंडावर विणलेली जाळी. आत माणूस आहे हे सगळे जाणतात, पण तो कोण हे कुणी विचारत नाही. आपण पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहतो. इथे पूर्वज स्वतः दारात येतो, बोलतो, प्रसंगी रागावतोही.

यजमानांच्या वाड्यात सकाळपासूनच नातेवाईक जमले होते. अंगणात बाता ढोल घुमायला लागले तशी घरातल्या थोरल्या आजींनी ओरिकी म्हणायला सुरुवात केली. ओरिकीत घराण्याची स्तुती असते: कोण कुठून आला, कुणी कोणती लढाई गाजवली, कुणाचा स्वभाव कसा. आजींच्या हातात कागद नव्हता, आवाजात कुठे अडखळणं नव्हतं. मग तो आला. पुढे काठी घेतलेला अतोकुन, म्हणजे त्याचा वाटाड्या, गर्दी मागे सारत होता, कारण त्या कापडाला कुणाचा स्पर्श होता कामा नये. ढोलाची लय चढली, त्यानं गिरकी घेतली आणि अंगावरच्या शेकडो पट्ट्या छत्रीसारख्या फुलल्या. त्या पट्ट्यांचा वारा म्हणजे पूर्वजांचा आशीर्वाद. आया लेकरांना उचलून पुढे सरकत होत्या, वारा त्यांच्या अंगावर यावा म्हणून. तो वारा माझ्याही चेहऱ्यावर आला. मी हात जोडले.

आजी गुडघ्यांवर बसल्या, पुरुषांनी जमिनीवर लोटांगण घातलं. नातसुनेला मूल व्हावं, असं आजींनी मागितलं. जाळीआडून घोगरा, माणसाचा न वाटणारा आवाज आला. प्रत्येक वाक्यानंतर सगळा वाडा एकदम म्हणत होता, ‘अशे!’ तसंच होवो. मुलगा झाला आणि आजोबा-पणजोबांपैकी कुणी परतून आलेत असं मानलं गेलं, तर त्याचं नाव बाबातुंडे ठेवतील. मुलगी झाली आणि आजी-पणजींपैकी कुणी परतून आल्या असं मानलं गेलं, तर येतुंडे.

बायकांवर बंधनं आहेत, आणि ती मला सलली. ओलोओलू हा इबादानचा सर्वांत धाक असलेला एगुंगुन. त्याच्यावर बाईची नजर पडायची नाही. तो निघणार म्हटल्यावर दारं लागली आणि आम्ही बायका आत बसलो. पण याच परंपरेत ‘इया आगान’ हा मानाचा हुद्दा बाईकडे असतो, आणि ज्या ओरिकीवाचून पूर्वजाचं स्वागत अधुरं, ती बहुतेक बायकांच्याच तोंडी असते. हे दोन्ही एकाच अंगणात पाहिल्यावर घाईनं मत बनवणं मला जमलं नाही.

मला सर्वांत जास्त भावलं ते कापड. जुना वेश टाकून देत नाहीत. त्यावरच नव्या पट्ट्या चढतात. मखमल, छापील सुती कापड, हातमागावरचं अशो-ओके. त्यासाठी इबादानचा ओजे बाजार प्रसिद्ध आहे. तिथे थप्प्यांमधून फिरताना माझा पाय निघेना. वर चमकदार नवं, आत विटलेलं जुनं, आणि सगळ्यांचं वजन मिळून अंगावर. घराण्याची ऐपत, व्यापार, आवड, सगळं त्या थरांत शिवलेलं असतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात ओग्बोमोशो या योरूबा शहरातला असाच एक वेश आहे, साधारण १९२० ते १९४८ या काळात घडलेला. त्यात ३०० हून अधिक कापडं आहेत, आफ्रिकेतली, युरोपातली आणि आशियातलीही. पण संग्रहालयात त्याला ढोल नाहीत, गिरकी नाही, आणि नवी पट्टी तर आता कधीच चढणार नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

यजमानांच्या घरचा वेश मात्र अजून वाढतो आहे. यंदाची जांभळी मखमल मशिदीत जाणाऱ्या थोरल्या मुलानं आणली. शिलाईचे पैसे चर्चमध्ये जाणाऱ्या धाकट्यानं दिले.