आमची वाटचाल : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथपासून

आमचं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट करून द्यायचं युनिट खरं सांगायचं तर रागातून सुरू होणार होतं. मी बेळगावातच एका कंपनीत टर्नर होतो, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे पार्ट कापायचो, नऊ वर्षं काम केलं आणि फोरमनची जागा आली तेव्हा दुसऱ्याला दिली. त्या रात्रीच ठरवलं की आता स्वतःचं काढायचं, लोन घेऊन दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी आणायच्या आणि शेड पण त्या कंपनीच्या समोरच्याच लाइनीत बघायची, म्हणजे रोज गेटातनं माझा बोर्ड दिसला पाहिजे त्यांना!

मामा फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने करायचे, आयुष्य त्यातच गेलं त्यांचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उद्या त्यांनी बोलावून फोरमन केलं तर जाणार काय नाही? खरं सांग." मी गप्प. कारण जाणार होतो. "मग आत्ता लोन काढू नकोस बघ," म्हणाले.

वर्षभर थांबलो. ड्यूटी सुटल्यावर मित्राच्या वर्कशॉपात लेथवर काम करायचो. एकदा पंपाचे पार्ट होते, ४० मिमीचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, एच७ फिट, म्हणजे ४० च्या खाली अजिबात चालत नाही आणि वर फक्त २५ मायक्रॉनची, म्हणजे मिमीच्या हजाराव्या भागातल्या २५ची सूट. शेवटचा कट घेताना हात हळू होतो आपोआप, मग पुसून बोअर गेज घातला, काटा बरोबर मधे. रात्रीचे साडेदहा झालेले, जेवलो नव्हतो, खरं घरी जावंसं वाटत नव्हतं. त्या दिवशी लक्षात आलं की फोरमनचं आठवूनसुद्धा महिना झाला असेल.

मग जुना एकच लेथ घेतला, साठवलेल्या पैशातनं, आणि शेड मिळाली तिथे घेतली.

मानासाठी आलो असतो तर पहिल्याच वर्षी बंद केलं असतं, कारण २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पेमेंट द्यायचं असं आहे, आणि मी चार-चार महिने बिलासाठी लोकांच्या ऑफिसबाहेर बसलोय.

एक कारण मात्र तपासायचं राहिलंच. बायकोला सांगितलेलं की स्वतःचं असलं की पोरींना वेळ देता येईल. उलटंच झालं, दोन वर्षं त्या झोपल्यावरच घरी यायचो. तिनेच एक दिवस विचारलं तेव्हा डोळे उघडले. आता रविवारी शटर उघडत नाही, ऑर्डर अर्जंट असली तरी. परवा राजहंसगडावर गेलो होतो चौघं, धाकटी वरपर्यंत चालत आली.